स्क्लेरोडर्मा आणि निफाडची थंडी: स्कूटीवर घालायला हातमोजे कोणते घ्यावेत?

ओझरची_शिक्षिका (२१ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी ओझरला राहते, वय ४३. निफाडच्या अलीकडे एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सत्र सकाळचं, ७:१५ ला प्रार्थना, त्यामुळे सव्वासहाला स्कूटी बाहेर काढावी लागते. अंतर साधारण १७ किलोमीटर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी तुम्ही पेपरात वाचता, त्या सकाळी मी रस्त्यावर असते. द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या दिसतात आणि वाटतं, इथेच उतरावं.

तीन वर्षांपूर्वी स्क्लेरोडर्माचं, म्हणजे कातडी कडक होत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं. त्याआधी दोन हिवाळे बोटांचा त्रास होताच, त्याला रेनो म्हणतात हे नंतर कळलं. गार लागलं की बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक होतात, पट्टीने रेघ मारावी तशी कड दिसते. मग जांभळी पडतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. परवा आठवीतल्या एका मुलीने रुमाल पुढे केला, "बाई, बोटांना खडू लागलाय." तोवर मी खडू हातात घेतलाही नव्हता.

रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनची गोळी चालू आहे. डोस वाढवला की डोकं धरतं. मागच्या जानेवारीत उजव्या तर्जनीच्या टोकाला जखम झाली, ती भरायला अडीच महिने लागले. यंदा ते पुन्हा नको आहे.

अडचण अशी की कातडी ताठ झाल्यामुळे बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, घट्ट पाच बोटांचा मोजा चढतच नाही. बजेट २००० रुपये. कुणी वापरलेलं काही असेल तर सांगा.

सह्यभटका

ताई, २००० मध्ये नाद सोडा. मी मनालीला जाताना ४५०० चे घेतले होते, आत फ्लीस, बाहेर वॉटरप्रूफ. रोहतांगच्या बर्फात दोन तास हात घातले, काही झालं नाही. सहा वर्षं झाली, शिवणसुद्धा उसवली नाही. थंडीच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत.

मिशिगनकर

इथे जानेवारीत उणे १५ रोजचं, त्यामुळे थोडं अधिकाराने सांगतो. पाच बोटांचा मोजा विसरा, मिटन घ्या. चारही बोटं एका पिशवीत, अंगठा वेगळा. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि ताठ बोटांना चढवायलाही सोपं. मी स्वतः बॅटरीवर तापणारे वापरतो, १८० डॉलरना घेतले, फार सुंदर चीज आहे. भारतात कुणी येणार असेल तर मागवून घ्या.

शिवाय खिशात ठेवायच्या पुड्या मिळतात. फोडल्या की हवेने आतली लोखंडाची भुकटी गंजते आणि पुडी काही तास गरम राहते. थेट कातडीला मात्र लावायची नाही.

नागपुरी_संत्रं

१८० डॉलर म्हणजे किती झाले, हिशेब करा भाऊ! ताईंनी बजेट लिहिलंय वर.

ताई, हँडलला लावायचे कव्हर घ्या. मफ म्हणतात. दोन्ही मुठींवर कायमचे बसवायचे, हात आत सरकवायचा. डिलिव्हरीची पोरं वापरतात. मला ३५० ला मिळाले, तीन हिवाळे झाले. आत पातळ लोकरी मोजा घातला की वारा लागतच नाही. मोजे आमच्याकडे तिबेटी स्वेटरवाल्यांकडे छान मिळतात, नाशकातही बघा.

सह्यभटका

हँडल कव्हर धोक्याचं आहे. गाडी घसरली तर हात अडकतो. ब्रेक आणि इंडिकेटर दिसत नाहीत. माझ्या मित्राचं मनगट असंच गेलं.

नागपुरी_संत्रं

तुमच्या मित्राने दोरीने बांधलं असेल. वेल्क्रोवालं ओढलं की सुटतं. तीन वर्षं वापरतोय, सांगतोय ना.

पुणे३०

एक दुरुस्ती. मराठीत सर्रास 'रेनॉड' लिहितात, डॉक्टरसुद्धा. मॉरिस रेनो हा फ्रेंच डॉक्टर, त्याने १८६२ मध्ये हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. फ्रेंचमध्ये शेवटचा ड उच्चारत नाहीत. धागाकर्तीने बरोबर लिहिलंय, अभिनंदन.

खान्देशी_तडका

माझ्या रिपोर्टवर रेनॉड असंच छापलंय. उच्चाराने बोटं गरम होत असती तर काय हवं होतं. मलाही थंडी सोसत नाही, थायरॉइड आहे. सप्टेंबरपासून पायात मोजे. घरचे पंखा लावतात आणि मी चिडते.

औषधवाला_दादा

गेली १९ वर्षं मेडिकल चालवतो. हातमोज्यांबद्दल इतरांनी सांगितलं आहेच, मी औषधांचं सांगतो, कारण हे कुणी विचारतच नाही.

हिवाळ्यात सर्दी झाली की लोक काउंटरवरून सर्दीची गोळी नेतात. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. चोंदलेलं नाक मोकळं होतं ते रक्तवाहिन्या आवळून, आणि त्याच गोळीने बोटांच्या वाहिन्याही आवळतात. रेनोवाल्याने ती घेऊ नये. अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलोल देतात, त्यानेही त्रास वाढू शकतो. चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आठवण करून द्या. तंबाखू, मिशरी, सिगारेट पूर्ण वर्ज्य. घरात कुणी ओढत असेल तर त्यांनाही बाहेर पाठवा. ताई, मिशरी लावता का?

ओझरची_शिक्षिका

नाही दादा, कधीच नाही. पण सर्दीच्या गोळीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मागच्या डिसेंबरात आठवडाभर घेतली होती, आणि जखम जानेवारीत झाली. दोन्हींचा संबंध होता का, हे आता कळणार नाही, पण पाकीट शोधून नाव वाचलं. फेनिलेफ्रिन आहे. मनापासून आभार.

कोकणची_माई

अगं, एवढ्या औषधांच्या मागे कशाला लागतेस? आमच्या आईने आम्हाला सुंठ, गूळ, तूप खायला घातलं, बाजरीची भाकरी, तिळाचे लाडू. रात्री मोहरीच्या तेलात लसूण कडवून हातापायांना चोळ. थंडी काय बिशाद. माझं वय ७१, अजून थंड पाण्याने अंघोळ करते.

ओझरची_शिक्षिका

माई, तिळाचे लाडू खाते, आवडतात. सुंठ आणि लसूण मात्र सोसत नाही. या आजारात अन्ननलिकाही ढिली पडते, आंबट वर येतं. रात्री डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपते. तेल जखमेच्या जागी लावू देत नाहीत.

करवीरची_लेक

सगळे गरम करण्याच्या वस्तू सांगताहेत म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना २२ वर्षांची साखर होती. पायाला गार वाटतं म्हणून रात्री रबरी पिशवीत कडकडीत पाणी भरून पायाशी घेतली. पायाला जाणीवच उरली नव्हती. सकाळी मी पांघरूण काढलं तर टाचेवर पुरीएवढा फोड, पिशवी अजून कोमट होती आणि वडील म्हणत होते, रात्री छान झोप लागली. चार महिने ड्रेसिंग.

बोटं पांढरी असताना जाणीव कमी असते हे ताईंना माहीत असेलच. पाण्याची पिशवी असो, पुडी असो, टॉवेलात गुंडाळा आणि तापमान दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने बघा. शेकोटीवर हात धरू नका.

भंडारा_एक्स्प्रेस

थोडं विषयांतर होईल. माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. आमच्याकडे, गोंदिया, गडचिरोलीकडे घरोघरी माहीत असलेला आजार. त्याला गार लागलं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं दुखून तो रडतो. आजार वेगळा, पण बहीण जे करते ते उपयोगी पडेल. ती त्याला थंडीत पाण्याची बाटली मोजून देते, कारण हिवाळ्यात तहान लागत नाही आणि पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. आणि शाळेत स्वेटर काढायची सक्ती नको म्हणून तिने मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दिली. गणवेशाच्या रंगाचा नाही म्हणून एकदा स्वेटर काढायला लावला होता. त्या रात्री त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

सह्यभटका

हा धागा हातमोज्यांचा आहे ना? ४५०० चे घ्या, ईएमआयवर मिळतात.

लोकरीची_गुंडी

मला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आणि रेनो दोन्ही आहे, ११ वर्षं. वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बोटं गार पडतात ती हात उघडा असल्यामुळेच असं नाही. छाती-पोट गार पडलं की शरीर आतली ऊब वाचवायला हातापायांचं रक्त कमी करतं. आपल्यासारख्यांचं शरीर ते जरा जास्तच करतं. त्यामुळे हातमोजे कितीही भारी असोत, अंगात नुसता ब्लाउज आणि वर एक शाल असेल तर बोटं पांढरी होणारच. मी चार वर्षं मोजे बदलत बसले, आता अंगावर खर्च करते. आत पातळ थर्मल, वर बिनबाह्यांची लोकरी बंडी, गळ्याला मफलर, कानटोपी. तीन पातळ थर एका जाड स्वेटरला भारी पडतात. आणि हे कपडे घरात असतानाच, उबेत घालायचे. गारठल्यावर घालून उपयोग नाही.

बारीकसारीक आणखी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बर्फ असतं, बोअरचं थेट पाणी त्यामानाने कोमट, तोंड-हात त्यावर धुवा. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढताना ओट्यावरचं फडकं हातात घ्या. भांडी घासताना रबरी मोज्याच्या आत सुती मोजा. बोटं पांढरी पडलीच तर हात काखेत धरा, नाहीतर खांद्यातून हात गोल गोल फिरवा, रक्त बोटांकडे उतरतं. मी भर मंडईत फिरवते, लोक बघतात, बघू देत.

आणि जखमेची सुरुवात वाटली तर वाट बघू नका ताई, त्याच दिवशी दाखवा.

नागपुरी_संत्रं

अनुमोदन. पण हँडल कव्हर घ्याच.

वाचक_मात्र

२०२४-२५ पासून शाळा ९ नंतर भरवायचा सरकारी निर्णय आहे ना? मग सव्वासहाला निघायचं कारणच काय?

ओझरची_शिक्षिका

तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी आहे. मी आठवी-नववीला शिकवते.

तंत्रवेडा

रिचार्जेबल हँड वॉर्मर घ्या, मोबाइलसारखा चार्ज होतो. मी १२०० ला घेतला होता. दोन महिन्यांत बॅटरी फुगली, कंपनी फोन उचलत नाही. पण कल्पना चांगली आहे.

मिशिगनकर

मी पुन्हा सांगतो, मिटन.

नागपुरी_संत्रं

मिटन घालून ब्रेक कसा दाबणार भाऊ? तुमच्याकडे कारमध्ये हीटर असतो.

ओझरची_शिक्षिका (६ डिसेंबर, रात्री ८:१५)

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटी काय केलं ते लिहिते, कारण तुम्ही वेळ काढून लिहिलंत.

पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नव्हती. १८ नोव्हेंबरला शाळेत जाताना पुढे उसाची ट्रॉली होती. ती वळली, मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं, दाबला. बोटांना दांडीच लागत नव्हती, किती दाबलंय तेच कळत नव्हतं. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. एक उसाचं वाढं माझ्या हेल्मेटला घासून गेलं. घरी कुणाला बोलले नाही. तीन दिवसांनी इथे हातमोजे विचारले.

त्यानंतर मिटन, मफ, ४५०० चे मोजे, सगळं वाचताना तेच आठवायचं. हात कितीही झाकला तरी १७ किलोमीटरनंतर ब्रेक त्याच बोटांनी दाबायचा आहे. त्यामुळे हातमोजे घेतले नाहीत. फेब्रुवारी संपेपर्यंत स्कूटी अंगणात झाकून ठेवली आहे. ६ वाजता नाक्यावरून एसटी पकडते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. गाडी बदलावी लागते, शेवटचा एक किलोमीटर चालते, आणि कधी कधी प्रार्थनेला पाच मिनिटं उशीर होतो. भंडाऱ्याच्या दादांचं वाचून मीही डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकांना दिली. त्यांनी पहिला तास दुसऱ्या बाईंना दिला.

२००० मध्ये दोन थर्मल घेतले, ९८० रुपये. शेजारच्या काकूंनी लोकरी बंडी विणून दिली, लोकरीचे ४६० झाले. बंडीला पुढे बटणं नकोत म्हटलं, ताठ बोटांनी लागत नाहीत, म्हणून त्यांनी डोक्यातून घालायची विणली. पहिल्या आठवड्यात बोटं दोनदाच पांढरी झाली, ती पण शाळेतल्या नळाखाली.

लोखंडाच्या पुड्यांबद्दल मिशिगनच्या दादांचे विशेष आभार. लोखंड गंजताना उष्णता बाहेर पडते, हे वर्गात सांगितलं. एका मुलाने खिळा मुठीत धरून विचारलं, "मग हा गरम का नाही?" भुकटीवर बोलण्यात पूर्ण तास गेला.

सह्यभटका

एसटीच्या खिडक्या बंद होत नाहीत. त्यापेक्षा चांगले मोजे परवडले असते.

कोकणची_माई

बरं केलंस बाळा. गाडी नकोच.

लोकरीची_गुंडी

ताई, एसटीतला धरायचा दांडा सकाळी फार गार असतो. उभं राहावं लागलं तर उघड्या हाताने धरू नका.

ओझरची_शिक्षिका

पहिल्याच दिवशी कळलं ते. मुलाचा जुना लोकरी पायमोजा पंजाकडून कापून घेतलाय, पर्समध्ये असतो. दांड्यावर चढवते आणि वरून धरते. उतरताना काढायला विसरू नये म्हणून कंडक्टरकाका आठवण करतात.