मदत हवी आहे : 'काठावरची शुगर' गावाला समजावून सांगायची कशी?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. अंबाजोगाईजवळच्या एका गावात माझी छोटी लॅब आहे. रक्त-लघवी तपासायची, रिपोर्ट द्यायचा, एवढंच आमचं काम. औषधपाणी सांगणं आमच्याकडं नाही. पण रिपोर्ट घ्यायला माणूस खिडकीशी आला की पहिला प्रश्न मलाच, "ताई, शुगर निघाली का?"

मागच्या आठवड्यात एक मामा आले. चाळिशीतले, दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरांनी तपासायला पाठवलेलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आला. मी म्हटलं, "मामा, शुगर झाली नाही अजून, पण काठावर आहे."

"काठावर म्हंजे पासच की वो!"

हसत गेले, आणि समोरच्या टपरीवर पाकासारखा चहा घेतला. खिडकीतून दिसतं मला सगळं.

तेव्हापासून हाच भुंगा डोक्यात आहे. 'काठावर' म्हटलं की लोकांना पस्तीस मार्क आठवतात. 'पूर्वमधुमेह' हा शब्द शासकीय भिंतीवर शोभतो, माणसाच्या तोंडी बसत नाही. 'प्रीडायबेटिस' म्हणून पाहिलं, तर एका काकांनी 'फ्री डायबेटिस' ऐकलं आणि फुकट तपासणी कोणत्या तारखेला आहे ते विचारलं.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात : आपल्याकडं बहुतेक डॉक्टर जे आकडे धरतात त्यानुसार उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं की ही मधली अवस्था. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीचा आकडा ११० पासून धरते, म्हणून दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळू शकतात.) दुखत नाही, खुपत नाही, बहुतेकांना काही जाणवतही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी आणि या मधल्या अवस्थेतले १३.६ कोटी असा अंदाज आहे. म्हणजे झालेल्यांपेक्षा वाटेवरचेच जास्त! आणि या वाटेवरच्यांत खेडं-शहर असा फारसा फरक नव्हता, त्यामुळं 'शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार' हे काही खरं नाही.

ग्रामपंचायत आणि आशाताई तयार आहेत, उन्हाळ्यात एक कार्यक्रम घ्यायचा म्हणतात. गावठाण, बौद्ध वस्ती, मोहल्ला आणि दोन किलोमीटरवर तांडा. एकच भाषण सगळीकडं चालणार नाही एवढं मला कळतं. त्यात आणखी एक अडचण. एक बाई रिपोर्ट घडी घालून पदराखाली धरत म्हणाल्या, "लग्नाची पोरगी आहे, कुणाला सांगू नका." पोरगी बावीसची, ५.८. अशा लोकांना चारचौघांत कसं बोलवायचं?

शब्द सुचवा, अनुभव सांगा. पोस्टरवरच्या घोषणा नकोत, त्या गावात आधीच खूप झाल्यात.

काळीमाती : आमच्याकडं कापूसवाल्यांना असं सांगून बघा. कामगंध सापळा (मादीच्या वासानं पतंग ओढून घेणारा) आपण बोंड किडल्यावर लावत नाही. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ-आठ पतंग आले की समजायचं, गुलाबी अळी येतेय. तेव्हा बोंड वरून हिरवंगार असतं. फोडून बघेपर्यंत आत काय चाललंय कळत नाही. तुमचा ५.७ चा आकडा म्हणजे सापळ्यातले पतंग. आमच्या पारावर ही गोष्ट दोन मिनिटांत कळेल. ज्याला रान नाही त्याला मात्र उपयोग नाही, हे कबूल.

शहागंज : मोहल्ल्यासाठी दोन गोष्टी. आमच्याकडं 'परहेज' (पथ्य) हा शब्द घरोघरी आहे. "बीमारी नै, पर परहेज शुरू करो" एवढं आमच्या अम्मीला पुरतं. दुसरं म्हणजे जुम्म्याच्या नमाजनंतर ऐलान केलं तर ते मर्दांपुरतंच राहतं आणि खाना बनवणारी घरातच. बायकांची बैठक वेगळी घ्या, तीसुद्धा शाबान महिन्यात, रमजानच्या आधी. एकदा इफ्तारचं सरबत-जिलेबी सुरू झाली की कोण ऐकतंय! आणि ड्रायव्हर लोकांना शेतीची उदाहरणं नकोत. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडं सरकतोय, इंजिन अजून बसलं नाही, असं सांगा.

स्पष्टवक्ता : माफ करा, पण ही आकडे खाली आणून गिऱ्हाइकं वाढवायची युक्ती आहे. धडधाकट माणसाला रोगी ठरवायचं आणि जन्माची गोळी लावायची.

लातूरचा_डॉक्टर : शंका अगदीच चुकीची नाही, म्हणून उत्तर देतो. या अवस्थेतला प्रत्येक जण मधुमेही होत नाही, काहींची साखर पुन्हा जागेवर येते. पण आपल्याकडं चेन्नईच्या अभ्यासात (२००६ साली छापून आला, ५३१ लोक होते) नुसतं सोडून दिलेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं-चालणं बदललेल्यांत ३९ जणांना. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्यांचं प्रमाण साधारण तेवढंच, म्हणजे सगळ्यांना गोळी चिकटवायची गरज नाही. फरक जादूचा नाही, पण सोडून देण्यासारखाही नाही.

ताई, तुम्हाला तीन सूचना. शिबिरात बोटाला सुई टोचून केव्हाही घेतलेल्या रक्तावर 'काठावर' असा शिक्का मारू नका. ती फक्त चाळणी, नक्की करायला उपाशीपोटी शिरेतलं रक्त हवं. दुसरं, आपल्या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं जास्त येऊ शकतं. त्या बावीसच्या मुलीचं हिमोग्लोबिन आधी बघा, मग तिच्या आईला घोर लावा. तिसरं, जिला गरोदरपणात शुगर निघाली होती तिला बाळंतपणानंतर कुणी पुन्हा तपासत नाही. तिला आधी शोधा.

तांड्यावरचा_मास्तर : स्पष्टच सांगतो, ऊसतोड्याला "रोज अर्धा तास चाला" म्हणालात तर चपला खाल. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्याला व्यायाम कसला शिकवता? त्याचा घोळ वेगळा आहे. दिवसाला सात-आठ कप गोड चहा, ताटात भाकरी-ठेचा, डाळ नावाला, आणि तंबाखू. पट्टा पडून (हंगाम संपून) घरी आला की तेच खाणं, काम मात्र निम्मं. त्याच्याशी चहातली साखर आणि ताटातली डाळ-पालेभाजी एवढंच बोला. "गूळ चालतो ना?" असं विचारतीलच, नाही चालत म्हणून सांगा. कार्यक्रम गुढीपाडव्यानंतर ठेवा. दिवाळीनंतर तांड्यावर म्हातारी आणि लेकरंच असतात. आणि स्लाइड नको. तांड्यातल्याच एखाद्या शिकलेल्या पोरीकडून गोरमाटीत (बंजारा बोलीत) दोन मिनिटांचा आवाज भरून घ्या, व्हॉट्सअॅपवर आपोआप फिरतो.

सायसाखर : सगळ्या वस्त्यांत चालेल असं एक सुचवू? दूध वर आलंय, अजून उतू गेलेलं नाही. गॅस बारीक करायचा. बस.

आणि लाजेचं म्हणाल तर 'शुगर तपासणी' असा बोर्डच लावू नका. आमच्या गटात आशाताईंनी आधी सगळ्यांच्या कमरा मोजल्या, हसतखेळत. बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांची ९० च्या वर गेली की पुढची तपासणी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा तब्येतीचा फॉर्म आशाताईंना तसाही भरायचा असतो. सगळ्याच मोजून घेतात, मग कोण कशाला लपवतंय?

धागाकर्ती : सगळ्यांचे खूप आभार. स्पष्टवक्ता, तुमचेही. त्या प्रश्नाची तयारी माझ्याकडं नव्हती, गावात कुणीतरी विचारलाच असता. मुलीच्या आईला हिमोग्लोबिनसाठी परत बोलावलंय.

सायसाखरताई, तुमचं दूध कालच वापरून पाहिलं. मामा पट्टी बदलायला आले होते, त्यांना हाक मारून म्हटलं, "पास नाही मामा, दूध वर आलंय." थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् गॅस बारीक कसा करायचा?" इतक्या वर्षांत खिडकीशी हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. जखमेचं डॉक्टरांना परत दाखवा म्हटलं, चहाचं मी काढलं. चहा सोडणार नाही म्हणाले. बरीच घासाघीस होऊन आठ कपांवरून तीनवर आणि साखर निम्मी, इथवर आलो. पाळतील का, देव जाणे. टपरी समोरच आहे, लक्ष ठेवते.

शिवणक्लासवाल्या काकूंकडून मापाच्या दोन टेप आणून ठेवल्यात. मास्तर, गोरमाटीत बोलणारी कुणी मुलगी तुमच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मजकूर मी मराठीत लिहून देते.