पायथन: एकाच नावाची दोन वजनं डिक्शनरीत कशी ठेवू? मदत हवी आहे

राजेहो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून राहिलो, सरावासाठी कापूस वेचणीचा हिशोब घेतला, कोणत्या बाईनं किती किलो वेचला ते. इनपुटमधून आलेलं वजन स्ट्रिंग, म्हणजे आकडा नाही तर मजकूर, असते म्हणून 12 अन् 8 ची बेरीज 128 येत होती, इंट (पूर्णांक) लावलं तर 12.5 ला व्हॅल्यूएरर नावाची चूक, फ्लोटनं (दशांश आकडा) जमलं. तो भाग क्लिअर आहे.

अडचण पुढं आहे. डिक्शनरी, म्हणजे जोड्यांचा साठा, केली; नाव ही ‘की’ (शोधायची खूण) अन् वजन ही तिची ‘व्हॅल्यू’, पण त्याच बाईचं दुपारचं वजन टाकलं की सकाळचं पुसून जाते. दोन वेगळ्या लिस्टा करून पाहिल्या, एकीत नावं दुसरीत वजनं, पण एकीतून नोंद काढली अन् दुसरीतली राहिली तर वजन भलत्याच बाईच्या नावावर जाते, मजुरीच्या पैशात असं चालत नाही ना. नुसती बेरीज ठेवायची नाही, कोणी विचारलं तर प्रत्येक वजन दाखवता आलं पाहिजे.

लॅपटॉप नाही, मोबाइलवर पायड्रॉइड (पायथन चालवायचं अ‍ॅप) आहे, वावरात नेट नसते म्हणून पांडास (वेगळी टाकावी लागणारी लायब्ररी) वगैरे नका सांगू. एकाच नावाच्या दोघी आहेत, त्याईले नंबर देईन.

मग प्रत्येक नंबरासमोर वजनांची लिस्ट ठेवणं बरोबर राहील का, अन् नवीन बाईचं पहिलं वजन अपेंड करताना (लिस्टीत जोडताना) कीएरर, म्हणजे ‘ही की सापडत नाही’ असा एरर, येतो तो कसा टाळायचा?