विंचू चावलेलं लहान मूल आणि दवाखाना दीड तासावर: मदत हवी आहे

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, डोंगरात. परवा उडवीतून पेंढा ओढताना सहा वर्षांच्या पुतण्याला लाल विंचवाने नांगी मारली. आधी नुसता रडत होता. मग घामाने सदरा चिंब, दोन उलट्या, हातपाय गारठलेले. शेजारची आजी मंत्र टाकायला बसली, तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास गेला (तो राग अजून उतरलेला नाही). आरोग्य केंद्रात प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर ठेवून घेतलं. आता पोर खेळतंय.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच औषधाने कोकणात कितीतरी जीव वाचवले, हे ऐकून होतो. डोस वजनावर ठरतो आणि नंतर रक्तदाब उतरू शकतो म्हणून मुलाला आडवंच ठेवायचं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

माझा प्रश्न असा, की वाट एवढी लांब असेल तर आशाताईंकडे ही गोळी ठेवता येते का? डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला तर चालतं का? आणि विंचवाचं प्रतिविष सोबत दिलेलं बरं का? आरोग्य केंद्रात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. पावसाळ्यात आमचा रस्ताही बंद पडतो.