एसआर-७१ ला घरी बसवणं चूक होतं का?

निळंआकाश (धागाकर्ता)
अमेरिकेने एसआर-७१ उर्फ ब्लॅकबर्ड हे अतिवेगवान टेहळणी विमान १९९० मध्ये बंद केलं, १९९५ मध्ये मोजकी विमानं पुन्हा बाहेर काढली आणि १९९८ मध्ये हवाईदलाने कायमचं कुलूप लावलं. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आवाजाचा वेगही न गाठणारं यू-२ हे टेहळणी विमान मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं उडत राहिलं. ३२ एसआर-७१ बांधली गेली, १२ अपघातांत गेली, पण शत्रूला एकही पाडता आलं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र डागलं, तेही चुकलं. यू-२ ची गत काय झाली ते १ मे १९६० ला सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्कवर ते पाडलं गेलं तेव्हा सगळ्या जगाने पाहिलं. उपग्रह कधी डोक्यावर येणार हे आधी कळतं, तेवढ्यात माल झाकता येतो. विमान कधीही, कुठूनही येतं. माझ्या मते बंद करणं चूकच.

फिल्मरीळ
असहमत. विमान वाचलं का, हा अर्धाच प्रश्न. चित्र कधी हातात पडलं, हा उरलेला अर्धा. ब्लॅकबर्ड उतरणार, रीळ काढणार, धुणार, मग विश्लेषक भिंग लावून बसणार. केएच-११ हा टेहळणी उपग्रह डिसेंबर १९७६ मध्ये वर गेला आणि चित्रं रेडिओने थेट खाली पाठवू लागला. ब्लॅकबर्डवर डेटालिंक (माहिती उडता उडता खाली पाठवणारी रेडिओ-जोडणी) बसली ती थेट १९९५ नंतर.

आता खर्च बघा. टाक्या भरल्या की सुमारे ३६ टन जेपी-७ आणि त्यात सुपरसॉनिक उड्डाण जेमतेम दीड तास. हे इंधन इतकं थंड डोक्याचं की पेटवायला ट्रायएथिलबोरेन (हवा लागताच पेटणारं रसायन) टोचावं लागतं. प्रत्येक इंजिनाला साधारण १६ वेळा पुरेल इतकंच. दर वेळी हवेत इंधन भरून झालं की आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारा भाग) पुन्हा पेटवायचा, म्हणजे एक टोचणी गेली. टँकरही वेगळे, केसी-१३५क्यू, कारण जेपी-७ त्या काळी इतर जवळपास कोणी वापरत नव्हतं. एका कॅमेऱ्यासाठी आख्खी वरात.

निळंआकाश
फिल्मचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. यू-२ वरचा ऑप्टिकल बार कॅमेरा २०२२ पर्यंत ओल्या फिल्मवरच चालला. तिथे चाललं, इथे का नाही?

फिल्मरीळ
कारण यू-२ वर फिल्म हा अनेकांतला एक पर्याय होता. रडार, सिग्नल टिपणं, डेटालिंक हे सगळं बरोबरीने आलं, आणि ते एकाच टापूवर तासन्तास रेंगाळतं. मॅक ३.२ ला, म्हणजे आवाजाच्या ३.२ पट वेगाला, ३० अंश कललात तरी वळणाची त्रिज्या दीडशे किलोमीटरच्या आसपास. हलणारा रणगाडा पुन्हा बघायचा तर एवढी प्रदक्षिणा घालून या!

टायटॅनियम
मध्येच एक दुरुस्ती. 'टाक्या गळतात म्हणून उडाल्याउडाल्या इंधन भरायचे' हे दर धाग्यात येतं. गळायच्या हे खरं, तापून-थंडावून सीलंट सुटायचं. पण अर्धवट भरून उडण्याचं मुख्य कारण टायर-ब्रेकवरचा भार आणि टेकऑफला एक इंजिन गेलं तर उरणारी ताकद. शिवाय हवेत टाकी काठोकाठ भरली की आतली हवा बाहेर जाते आणि पुढे इंधन संपत जाईल तशी नायट्रोजन जागा घेतो. मॅक २.६ च्या वर तापलेल्या टाकीत हवा ठेवून चालत नाही.

ब्लॅकबर्डच्या टायटॅनियमचेही नखरे होते. ते जिथे बनायचं त्या कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या कारखान्यात तर क्लोरिनच्या पाण्याने धुतलेले वेल्ड केलेले भाग लवकर निकामी व्हायचे, आणि कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्याने आवळलेल्या बोल्टची डोकी तुटायची. उपाय काय, तर डिस्टिल्ड वॉटर आणि पान्यांची झाडाझडती.

रडारवाला
धागाकर्त्यांच्या 'कधीही, कुठूनही' याला माझी हरकत. बाल्टिक समुद्रावरचा मार्ग जवळपास ठरलेला होता. स्वीडनच्या व्हिगेन लढाऊ विमानांनी त्याच वाटेवर समोरून येत ब्लॅकबर्डवर रडार लॉक (रडारने धरलेला पक्का नेम) मिळवलेत. २९ जून १९८७ ला एकाचं इंजिन निकामी झालं आणि ते खाली उतरू लागलं, तेव्हा सोबत करायला तेच व्हिगेन आले. वेग गेला की ब्लॅकबर्ड म्हणजे एक मोठं, जड विमान.

वेग टिकवणंही सोपं नाही. इनलेटचा (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाचा) शंकू मॅक १.६ पासून मागे सरकू लागतो, मॅक ३.२ पर्यंत २६ इंच. त्याचं गणित किंचित चुकलं की आतली शॉकवेव्ह बाहेर फेकली जाते (अनस्टार्ट), विमान त्या बाजूला हिसका खातं आणि वैमानिकाचं हेल्मेट कॅनॉपीवर आपटतं. १९८० च्या दशकात डिजिटल नियंत्रण आल्यावर हे बरंच आवरलं. पहिली पंधरा वर्षं मात्र तसंच काढली.

निळंआकाश
लॉक मिळणं आणि पाडणं यात फरक आहे, साहेब. आणि वाट ठरलेली असणं हा विमानाचा दोष नाही, वेळापत्रक आखणाऱ्यांचा आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. भारतीय हवाईदलाच्या १०२ स्क्वाड्रनची मिग-२५आर ही टेहळणी विमानं बरेलीहून १९८१ ते २००६ उडाली. ती मुख्यतः निकेल-पोलादाची, टायटॅनियम दहा टक्क्यांच्या आतच. वेगाला मॅक २.८३ ची मर्यादा. तरीही २५ वर्षं कामी आलीच ना?

फिल्मरीळ
आली, आणि मग तीही गेली. कारणांत उपग्रह होतेच, शिवाय सुट्या भागांची रड. तुमचं उदाहरण माझ्या पारड्यात टाकतो.