भाऊ हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरायचं शिकणार, आईला काय सांगू?

मानेवाड्याची_ताई:
धाकटा भाऊ इन्फंट्रीत आहे, यंदा घातक प्लाटूनमध्ये (बटालियनच्या खास हल्ला तुकडीत) निवड झाली. रविवारी फोनवर बोलता बोलता म्हणाला, पुढच्या महिन्यात हेलिकॉप्टरमधून स्लिदरिंग आहे, कमरेला काही बांधत नाहीत. फोन नेमका स्पीकरवर होता. तेव्हापासून आई धड जेवत नाही. खरंच काहीच बांधत नाहीत का? कामठीकडचे फौजी कुणी असतील तर सांगा ना.

गिट्टीखदानचा_पिंट्या:
ताई, यूट्यूबवर पाहा, पोरं सरसर उतरतात. काही होत नाही.

निवृत्त_सुभेदार_कामठी:
पिंट्याभाऊ, ‘काही होत नाही’ म्हटल्यानं कोणत्याच आईला घास गेला नाही बाप्पा.

ताई, तो खरंच सांगतोय. हार्नेस लावून उतरतात ते रॅपलिंग. स्लिदरिंगला जाड दोर, चामड्याचे हातमोजे आणि बूट. दोन्ही हातांनी धरायचं, बुटांत दोर दाबायचा, हाच ब्रेक. पण थेट हेलिकॉप्टरात चढवत नाहीत. आधी टॉवरवरून, इतक्यांदा की पोरं वैतागतात. उतरल्या उतरल्या दोर सोडून बाजूला पळायचं, नाहीतर वरचा अंगावर येतो. ही सवय टॉवरवरच लागते.

माझा जीव दोरापेक्षा जमिनीवर जास्त टांगलेला असायचा. एमआय-17 हेलिकॉप्टरचा वरचा पंखा 21 मीटरहून जास्त व्यासाचा, त्याची धास्ती आपोआपच वाटते. शेपटीचा पंखा फिरायला लागला की दिसतच नाही. म्हणून जायचं ते पायलटला दिसेल असं, समोरच्या बाजूनं, आणि क्रूनं अंगठा दाखवल्यावरच. मागच्या रॅम्पनं चढायचं असलं तरी क्रू नेईल त्याच वाटेनं. उतारावर हेलिकॉप्टर उभं असेल तर चढाच्या अंगानं कधीच नाही, तिकडं पातं डोक्याजवळ येतं. रायफलची नळी खाली, चुकून गोळी सुटली तर वर पंख्यात जायला नको. टोपी खिशात. एखादा नवा रंगरूट उडालेल्या टोपीमागं धावतोच, मग उस्ताद अशी हाक मारतो की इंजिनाच्या वर तीच ऐकू येते!

आपल्या कामठीत केंद्र असलेली गार्ड्स रेजिमेंट म्हटलं की लोकांना बीएमपी या चिलखती गाड्याच आठवतात. पण 9 डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या लढाईत, मेघना नदीवरचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला, तेव्हा लेफ्टनंट जनरल सगत सिंग साहेबांनी एमआय-4 हेलिकॉप्टरांतून जवान पलीकडं रायपुऱ्याला उतरवले, त्यात 4 गार्ड्स ही बटालियन होती. आईला हे सांगू नका, लढाईचं नाव काढलं की पुन्हा जेवण बंद. टॉवरचं सांगा.

आणि हो, भावाचं युनिट, ठिकाण, तारीख इथं लिहू नका.

गोंडवाना_मास्तर:
2024 च्या लोकसभेला गडचिरोलीत आम्हा पोलिंग पार्टीला हेलिकॉप्टरनं नेलं, तेव्हा आम्हालाही हेच बजावलं होतं. आमचे एक सर छत्री उघडी घेऊन निघाले होते, वायुसेनेच्या जवानानं ती काढून अशी मिटवली की पुन्हा उघडलीच नाही. सुभेदार साहेब, एक शंका. आत जागा दिसत होती, तरी आमच्यातल्या काहींना दुसऱ्या फेरीत का नेलं?

निवृत्त_सुभेदार_कामठी:
मास्तर, जागा आणि वजन वेगळं. एमआय-17 व्ही-5 मध्ये 36 जवान बसतात खरं. पण हवा तापली की विरळ होते, पंख्याला धरायला कमी मिळते, इंजिनाचाही दम कमी पडतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पायलट सकाळची फेरी मागतो ते त्यासाठीच. शिवाय तुमच्या मतदान मशीनच्या पेट्या वजनदार. डोंगरावर उंचीमुळं हाच प्रकार.

मानेवाड्याची_ताई:
काका, खूप आभार. आईला टॉवरचं वाचून दाखवलं, ‘मग ठीक आहे’ म्हणाली. आता म्हणते सदर बाजारातून चांगले हातमोजे घेऊन पाठव. पाठवू का?

निवृत्त_सुभेदार_कामठी:
नको. बाजारातले गाडी चालवायचे मोजे दोरावर तापतात, फाटतात. युनिट देतं तेच बरे. पाठवायचंच तर संत्रा बर्फी पाठवा, दोन डबे तरी. एक तर प्लाटूनच्या दारातच संपतो.