डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: शाकाहारी आई-बाबा सोबत असताना घ्यावा का?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. २०२६ च्या नाताळच्या सुट्टीत ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतंय, पाच रात्री. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, शिवाय नाशिकहून आलेले आई-बाबा. आई अंडंसुद्धा खात नाही आणि मध्येच तिची संकष्टी येतेय. बाबा मासे खातात, पण त्यांचं जेवण आता अगदी थोडं झालंय. हॉटेलच्या बुकिंगसोबतच जेवणाचे पैसे आधी भरायचा प्लॅन दिसतोय. बायको म्हणते घेऊन टाकू, तिथे प्रत्येक ताटाचा हिशेब नको. मला भीती वाटते की आई-बाबांचे पैसे पाण्यात जातील. कुणी असं सहकुटुंब जाऊन आलंय का?

पुरणपोळी
दादा, आम्ही २०२४ च्या ऑक्टोबरात गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्याही अंडं खात नाहीत. चार रात्रींसाठी मोठा प्लॅन घेतला होता, म्हणजे दर रात्रीमागे माणशी एक टेबलावर बसून जेवण, एक काउंटरवरचं जेवण, एक खाऊ आणि मुक्कामभर पेयानं पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा एक मग (प्याला). तेव्हाचा दर मोठ्यांना रात्रीला ९४.२८ डॉलर, तीन ते नऊ वयाच्या मुलांना २९.६९. चौघांचे मिळून १२५०.१२ झाले.

वसूल झाले का? मुलाचे तर पहिल्याच संध्याकाळी. शेफ मिकीज या रेस्टॉरंटच्या बुफेत मुलांचं एक जेवणच त्या २९ डॉलरच्या वर जातं. आम्हा दोघांचे जेमतेम. सासूबाईंचे नाही झाले.

कारण सरळ आहे. तुम्ही स्टेक मागवा नाहीतर टोफू, क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधलं एका जेवणाचं किंवा खाऊचं कूपन, एकच जातं. शाकाहारी डिश मुळातच स्वस्त असते. सातूली कँटीनमधला (ॲनिमल किंगडम पार्कातल्या पँडोरा भागात) तिखट टोफूचा बोल, म्हणजे वाडगा, सासूबाईंना फार आवडला, त्यांनी तो दोनदा खाल्ला. पण रोख घेतला असता तर पंधराएक डॉलरचा. आता लहान प्लॅन बघा, त्यात दोन काउंटरवरची जेवणं, खाऊ आणि तोच पेयाचा मग. तो प्लॅन तेव्हा मोठ्यांना रात्रीला ५७.०१ डॉलर होता. असे दोन बोल, दोन पेयं आणि एक खाऊ धरलात तरी पन्नाशी गाठताना दमछाक होते. म्हणून शाकाहारी माणसासाठी टेबलाची क्रेडिट्स बुफेवर किंवा गार्डन ग्रिलसारख्या, ताटात हवं तेवढं वाढत राहणाऱ्या रेस्टॉरंटमध्येच खर्चायची. बोमाच्या बुफेत (ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात) एका क्रेडिटमध्ये सूप, भात, भाज्या हवं तेवढं मिळतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला दोन क्रेडिट्स जातात, ती मी सासूबाईंसाठी कधीच घालवणार नाही.

अंड्याचं म्हणाल तर मेनूवर हिरव्या पानाची खूण बघा. त्या खुणेच्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं. बुफेवर शेफला बोलावलं तर तो स्वतः सोबत फिरून काय चालेल ते दाखवतो. सासूबाईंबरोबर एक शेफ असा फिरला. त्या मराठीत विचारत होत्या, मी मध्ये दुभाषी, आणि तो प्रत्येक भांड्यापाशी थांबून उत्तर देत होता. ते जेवण त्या निर्धास्तपणे जेवल्या. बाहेर त्यांना असं जेवताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. क्रेडिट्स रात्रींवर मिळतात, पण चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात. हे ठाऊक असूनही आम्ही खाऊची क्रेडिट्स 'उद्या वापरू' म्हणत राहिलो, आणि शेवटच्या दुपारी अकरा शिल्लक. मग हॉटेलच्या दुकानातून केळी, पॉपकॉर्न, पाण्याच्या बाटल्या असं गोळा करत बसलो. रोज रात्री डिस्नेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

नाखवा
वरचं सगळं पटलं, पण दादांचं उत्तर वेगळं निघतं. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. तुम्ही सहा जण, म्हणजे खोल्या बहुधा दोन लागणारच. त्या दोन स्वतंत्र बुकिंग करा. तुमच्या चौघांच्या खोलीवर प्लॅन घ्या. २०२६ च्या मुक्कामासाठी मोठ्यांनी प्लॅन घेतला तर तीन ते नऊ वयाच्या मुलांचा फुकट आहे. मुलगी तोवर दहाची होत नाही ना, तेवढं बघा, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर लागतो. आई-बाबांच्या खोलीवर प्लॅन नको, त्यांचं रोख.

टिप प्लॅनमध्ये नसते, आणि सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला १८ टक्के आपोआप लागते. तुम्ही बरोबर सहा आहात. टेबलांचं बुकिंग ६० दिवस आधी पहाटे सहाला उघडतं, नाताळात उशीर चालणार नाही. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेचं भांडं आणि दारू तेवढी नको. आईंना दशम्या, ठेपले करून न्या.

एडिसनकर
दोन बुकिंगचं डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी २०२७ च्या मार्चमध्ये दहाची होईल, म्हणजे मुलांच्या फुकट प्लॅनमध्ये बसतेय. संकष्टीचं काय करता येईल?

पुरणपोळी
नाखवांचं बरोबर आहे, आम्ही एकाच खोलीत होतो म्हणून आमचं तसं झालं.

संकष्टीला मॅजिक किंगडम पार्कातल्या ॲडव्हेंचरलँडमध्ये आलोहा आयल या स्टॉलपाशी अननसाचं डोल व्हिप (मऊ आइस्क्रीमसारखं) मिळतं. आईंना चालतं का ते आधी विचारा, माझ्या सासूबाईंनी उपासाला फक्त फळं घेतली. तुमची क्रेडिट्स त्या दिवशी बुडत नाहीत, दुसऱ्या दिवशी वापरता येतात. चंद्रोदयाची वेळ ऑरलँडोची काढा, नाशिकची नको, आणि टेबल त्यानंतरचं घ्या.

आणि जमलं तर आईंना साना नावाच्या रेस्टॉरंटला न्या, त्याच ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये. पाच तऱ्हेच्या रोट्या आणि नऊ चटण्या-लोणची येतात, हे रोखीनंच घ्या. कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, लसणाचं लोणचं. चार दिवस ब्रेड बघून कंटाळलेल्या सासूबाईंनी नानचा तुकडा मोडला, लसणाच्या लोणच्यात बुडवला, आणि खिडकीकडे बघून मला नुसतं कोपरानं ढोसलं. काचेपलीकडे जिराफ चरत होता. खिडकीजवळचं टेबल मागून घ्या, उजेड असतानाचं. पण मग संकष्टीचा दिवस सोडून.