मदत हवी आहे : १९४१ च्या लिंकनशर अपघातातील प्रशिक्षणार्थी वैमानिक

११ डिसेंबर १९४१ रोजी इंग्लंडमधील लिंकनशरच्या आकाशात जॉन गिलेस्पी मगी यांचे स्पिटफायर हे लढाऊ विमान आणि क्रॅनवेलच्या हवाई तळावरून उडालेले ऑक्सफर्ड हे प्रशिक्षण विमान यांची टक्कर होऊन दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. मगी कवी असल्याने त्यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले. ऑक्सफर्ड विमानातील प्रशिक्षणार्थीचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो, आणि हे मला अन्यायाचे वाटते. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी पाहिल्या, पण त्यांत प्रशिक्षणाचा तपशील नसतो. लंडनला जाणे मला शक्य नाही. क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातून अशा अपघाताच्या कागदपत्रांच्या प्रती नातेवाईक नसलेल्या व्यक्तीला भारतातून मागवता येतात का, आणि त्यासाठी विमानाचा क्रमांक द्यावाच लागतो का?